पांढरे कपडे आणि चांदीच्या विटा

"काका, तेव्हाचे डॉनसुद्धा कसले भारी होते ना!"

पुतण्या एकोणीस वर्षांचा. रविवारची दुपार, जेवणं उरकलेली, टीव्हीवर 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई'. मी पेपर वाचायचं सोंग करत तिसऱ्यांदा तो चित्रपट पाहत होतो. पडद्यावर अजय देवगण पांढऱ्या कपड्यांत शांतपणे सिगारेट ओढत होता आणि पुतण्याच्या डोळ्यांत जे कौतुक दिसत होतं ते मला नवं नव्हतं. कधीकाळी माझ्याही डोळ्यांत ते होतं. त्याला काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. शिवाय जाहिराती संपल्या होत्या.

२०१० च्या जुलैअखेरीस हा चित्रपट आला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून गेलो होतो. दिग्दर्शक मिलन लुथ्रिया. सुरुवात अशी होते: आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला विल्सन नावाचा एक पोलीस अधिकारी आपल्या वरिष्ठाला सांगतो आहे की १९९३ चे बॉम्बस्फोट झाले त्याला आपण जबाबदार आहोत. मी खुर्चीत सावरून बसलो. हा राक्षस कोणाच्या डोळ्यांदेखत वाढला, कोणी त्याला वाढू दिला, हे हिंदी चित्रपट इतकं सरळ विचारतो आहे म्हटल्यावर सावरून बसणं भागच होतं. पुढचे दोन तास मी उत्तराची वाट पाहिली. मिळाले ते बेलबॉटम, मोठाले गॉगल, कॅबरे, जुन्या गाण्यांना दिलेली नवी फोडणी आणि दर तीन मिनिटांनी टाळी वसूल करणारा एक संवाद. उत्तर म्हणून जे हाती ठेवलं ते असं, की पूर्वी एक चांगला स्मगलर होता, मग एक वाईट पोरगा आला, त्याने चांगल्याला संपवलं आणि शहर बिघडलं.

चित्रपट वाईट बनवला होता असं नाही. तसा असता तर विसरूनही गेलो असतो. अभिनय चांगला, वेग चांगला, प्रीतमची गाणी तर पुढे वर्षभर रिक्षांतून वाजत होती. त्याने बरोबर प्रश्न विचारून चुकीचं उत्तर दिलं, आणि ते इतक्या देखण्या कपड्यांत दिलं की आज पंधरा वर्षांनंतरही एकोणीस वर्षांच्या पोराला तेच खरं वाटतं. माझी तक्रार आहे ती ही.

चित्रपटातला 'चांगला' स्मगलर सुलतान मिर्झा कोणावर बेतलेला आहे हे मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही. हाजी मस्तान मूळचा तमिळनाडूचा, मुंबईच्या गोदीत हमाली करत वर आला, सोन्याच्या चोरट्या व्यापारात गब्बर झाला, आणीबाणीत तुरुंगात गेला, बाहेर आल्यावर राजकारणात शिरला. पांढऱ्या कपड्यांचा शौक खराच. त्याला संपवणारा शोएब खान कोणावरून घेतला तेही उघड आहे: पोलीस हवालदाराचा मुलगा, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड तालुक्यातलं मुंबके. एवढं सगळं वास्तवातून उचलायचं, शहराचं नाव तेच ठेवायचं, स्फोटही तेच ठेवायचे, आणि सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक' अशी पाटी लावायची. म्हणजे खऱ्याचं वजन आपलं, खऱ्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही.

चित्रपटात शोएब सुलतानला भर सभेत गोळ्या घालतो. जुना सज्जन नव्या दुर्जनाच्या हातून हुतात्मा होतो, आणि प्रेक्षागृहात रुमाल निघतात. प्रत्यक्षात मस्तान वारला १९९४ मध्ये, आजाराने. म्हणजे स्फोटांनी मुंबई हादरली तेव्हा तो याच शहरात जिवंत होता. चित्रपटाला हे परवडण्यासारखं नव्हतं. 'चांगला' आणि 'वाईट' काळ यांच्यामध्ये एक ठसठशीत रेघ हवी होती, आणि ती ओढायला एका माणसाचं रक्त लागत होतं. ते त्यांनी पटकथेत सांडलं.

ही रेघ खरी होती का? चित्रपटातला सुलतान सांगतो, की सरकारने मना केलेला माल मी आणतो, पण मनाने मना केलेला आणत नाही. सोनं, घड्याळं, ट्रान्झिस्टर चालतील. दारू, गर्द, हत्यारं नाहीत. टाळी पडते. आता जरा व्यवहाराकडे पाहू.

सोन्याची चोरटी आयात काही एका माणसाच्या हिमतीतून जन्मली नाही. ती कायद्यातून जन्मली. चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली, देशभरातल्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या, काहींनी जीव दिले. १९६८ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला, तो १९९० पर्यंत चालला. पण लग्नं थांबली का? मंगळसूत्रं थांबली का? मागणी तशीच, पुरवठा बंद, आणि दुबईचा भाव नि झवेरी बाजारचा भाव यांत घसघशीत फरक. त्या फरकावर एक अख्खं विश्व उभं राहिलं. दहा तोळ्यांची बिस्किटं अंगातल्या जाकिटाच्या कप्प्यांत भरून यायची, होड्या अंधारात किनाऱ्याला लागायच्या, माल उतरायचा, गाड्या मुंबईकडे निघायच्या. आणि तो माल आपणच घ्यायचो. मनीष मार्केटमधून आणलेल्या टू-इन-वनचं कौतुक आमच्या चाळीत आठवडाभर चाललं होतं. 'फॉरेनची' साडी नेसून लग्नाला आलेल्या बाईकडे सगळ्या बायका वळून पाहायच्या. आपल्या आजीच्या पाटल्यांतलं सोनं कुठल्या खाडीतून आलं हे कुठल्याही घराने विचारलं नाही. आमच्याही नाही.

म्हणून 'जुन्या' स्मगलरचं आपल्याला कौतुक. त्याला सज्जन ठरवलं की त्याचं गिऱ्हाईकही सज्जन ठरतं.

आता माल उतरायचा तो कसा? कोकणच्या किनाऱ्यावर एखादी निवांत खाडी, लँडिंग सांभाळणारा स्थानिक माणूस, डोक्यावरून ओझी वाहणारे मजूर, ठरलेल्या हप्त्यावर डोळे मिटणारे कस्टमवाले, नाक्यावर हात पसरणारे पोलीस. ही साखळी एका रात्रीत तयार होत नाही. तिला वीस-पंचवीस वर्षं लागली, आणि ती वर्षं नेमकी तीच, ज्यांचं स्मरणरंजन हा चित्रपट मांडतो. साखळी तयार झाली की तिला मालाची जात कळत नाही. पेटीमागे इतके, फेरीमागे इतके, एवढाच तिचा हिशोब. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, पुढे सोन्याच्या आयातीचे नियम सैल झाले, सोन्यातला नफा आटला. साखळी मात्र तशीच राहिली. तिला माल हवा होता.

१९९३ च्या जानेवारीत रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीला शस्त्रं उतरली. मुंबईकडे निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. पुढे काय झालं ते बॉम्बस्फोट खटल्याच्या निकालपत्रात नोंदलं आहे: पैशांचा सौदा झाला, रोख रक्कम पुरेशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या. गाड्या सोडल्या.

चांदीच्या विटा तारण! मी हे वाचलं तेव्हा एकदम थबकलो. किती घरगुती व्यवहार! वाण्याकडे भांडं गहाण ठेवावं तसा. त्या रात्री पहिल्यांदा सुचावं असं हे काही नाही. हे वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात बसलेलं आहे, 'नेहमीची पार्टी' ओळखणाऱ्याचं आहे. फेब्रुवारीत त्याच किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं. त्या काळात मुंबईत काय चाललं होतं तेही सांगायला हवं. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत ९०० माणसं मेल्याचं पुढे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं, आणि त्या दंगलींच्या दोषींचं काय झालं हा वेगळा, तितकाच लाजिरवाणा अध्याय आहे. पण दंगल झाली म्हणून कोणी आरडीएक्स खिशातून काढू शकत नाही. ते आणायला वाट लागते. वाट तयार होती.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. मग एअर इंडियाची इमारत, वरळीचं सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, शिवसेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, दादरचं प्लाझा, माहीमची मच्छीमार वस्ती, हॉटेलं, विमानतळ. मेले २५७, जखमी ७१३. ज्या झवेरी बाजाराला ते चोरटं सोनं पोचायचं, त्याच झवेरी बाजारात त्याच वाटेने आलेला दारूगोळा फुटला. एखाद्या पटकथाकाराला हा योगायोग सुचला असता तर दिग्दर्शकाने 'फार होतंय' म्हणून काढून टाकला असता.

खटल्यात शंभर जण दोषी ठरले. त्यांत पोलीस होते, कस्टमचे अधिकारी होते. चित्रपटातल्या विल्सनने स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे, त्या निकालपत्रात आहे. पण चित्रपटातला विल्सन दोषी ठरतो तो एका डावपेचामुळे: त्याने दोन टोळीवाल्यांना एकमेकांविरुद्ध झुंजवलं आणि डाव अंगलट आला. ही चूक शूराची आहे, बुद्धिबळातली आहे. तिच्याबद्दल कीव येते, आदरही वाटतो. गोंडघर फाट्यावरच्या विटांबद्दल असं काही वाटत नाही. म्हणूनच त्या चित्रपटात नाहीत.

कोणी म्हणेल, सिनेमा म्हणजे निकालपत्र नव्हे. मान्य. पण मग याच विषयावरच्या दुसऱ्या एका चित्रपटाचं काय झालं तेही आठवावं. अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे' याच स्फोटांवरचा, हुसेन झैदींच्या पुस्तकावर बेतलेला. त्यात माणसांना त्यांच्या खऱ्या नावांनी दाखवलं होतं, लँडिंग दाखवलं होतं, पोलीस कोठडीतला मारही दाखवला होता. २००४ मध्ये तो तयार होता. खटला चालू असताना त्याचा निकालावर परिणाम होईल म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं, आणि तो थिएटरात आला २००७ च्या फेब्रुवारीत. न्यायालयाचं कारण समजण्यासारखं होतं. आरोपीलाही न्याय्य सुनावणीचा हक्क असतो. पण व्यवसायाने त्यातून जो धडा घेतला तो भलताच होता. खरी नावं घेतलीत तर अडकाल. नावं बदला, पाटी लावा, गाणी घाला, मग कोणी विचारणार नाही. नंतरच्या वर्षांत भाईंचे चित्रपट एकामागून एक आले. लोखंडवालाची चकमक, वडाळ्याची चकमक, प्रत्येकाला एक देखणा नट, एक आयटम गाणं, आणि मरताना एक शेर.

गुन्हेगारावर चित्रपट काढूच नये असं मी म्हणत नाही. बंदीच्या मागणीशी तर माझं कधीच जमलेलं नाही. बंदी घातलेली गोष्ट लोक दुप्पट चवीने पाहतात. 'दीवार' बघा. १९७५ चा, तोही मस्तानच्या आयुष्यातले धागे घेऊनच लिहिलेला. गोदी आहे, बिल्ला आहे, स्मगलिंग आहे. पण तो चित्रपट त्याच काळात उभा राहून त्याच काळाशी भांडत होता. स्मगलर झालेल्या विजयचं ऐश्वर्य दिसतं, पण त्याची आई त्याचं घर सोडून जाते, आणि शेवटी धाकट्या मुलाच्या हाती पिस्तूल तीच देते. प्रेक्षकाने विजयवर जीव टाकला आणि आईचा निकालही मान्य केला. दोन्ही एकाच वेळी. १९९८ चा 'सत्या' घ्या. भिकू म्हात्रे आपल्याला आवडतो, हसवतो, आणि तरीही त्या शहरात राहायची भीती वाटत राहते, कारण ते शहर बाहेर पडल्यावर रस्त्यावर भेटणारच असतं. २०१० च्या चित्रपटात ना आई आहे, ना रस्ता. आहे ती फक्त वेशभूषा. पस्तीस वर्षं मध्ये गेली की गुन्ह्याचा वास उडतो आणि कपड्यांची फॅशन उरते. स्मरणरंजनाचं काम तेच.

इथवर वाचून मराठी वाचकाला जरा बरं वाटत असेल, की हे सगळं हिंदीवाल्यांचं. तेवढी सवलत देता येत नाही. २०१५ मध्ये आपला 'दगडी चाळ' आला आणि गर्दी करून पाहिला गेला. पुढे त्याचा दुसरा भागही आला. त्यातला 'डॅडी' गंभीर आवाजाचा, न्यायी, चाळीचा बाप. तो ज्या माणसावरून घेतला तो तेव्हा तुरुंगात जन्मठेप भोगत होता. शिक्षा झाली होती २०१२ मध्ये, घाटकोपरच्या एका नगरसेवकाच्या खुनासाठी. त्या नगरसेवकाला २००७ मध्ये घरात शिरून गोळ्या घातल्या होत्या. तोही मराठी माणूसच. 'आपला माणूस' ही जी आपली लाडकी दलील आहे, तिच्यात हा आपला माणूस बसत नाही. चित्रपटगृहात ज्यांनी शिट्ट्या मारल्या त्यांतल्या कितीजणांना तो आठवला? मला आठवला नव्हता, खरं सांगायचं तर. घरी येऊन शोधलं तेव्हा लक्षात आलं.

गिरणगावातल्या वडीलधाऱ्यांकडून अजून ऐकतो: तेव्हाचे भाई वस्तीतल्या पोरीबाळींकडे वाकड्या नजरेने बघत नसत, अडल्यानडल्याला पैसे देत, गणपतीत सढळ हाताने वर्गणी देत. असेलही. पण ते पैसे आले कुठून? कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या गल्ल्यातून, बिल्डरच्या पाकिटातून, गिरणीच्या जमिनीच्या सौद्यातून. वर्गणी देणारा हात आणि हप्ता घेणारा हात एकच होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. घराघरांतून मिळकत थांबली आणि सतरा-अठरा वर्षांची पोरं नाक्यावर उभी राहू लागली. टोळ्यांना माणसं मिळाली ती तिथून. त्या पोरांतले किती चाळिशी पाहू शकले ते चाळीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा. त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत स्वतः १९९७ च्या जानेवारीत पवईला सुपारी देऊन मारले गेले. कामगारांच्या हक्कांसाठी भांडणारा माणूस आणि सुपारी घेणारा माणूस यांतल्या कोणावर आपण जास्त चित्रपट काढले, याची नुसती मोजदाद केली तरी पुरे.

आणि आठवायचंच असेल तर त्या काळात आठवण्यासारखं कमी नव्हतं. गिरणगावातल्या बायका दिवसाला चाळीस-पन्नास खानावळवाल्यांचं जेवण रांधायच्या, सावकाराच्या व्याजात बुडायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाकघरातल्या बाईने पहिल्यांदा बँकेच्या कागदावर सही केली. यात नाट्य नाही? सावकार आहे, दारुडा नवरा आहे, संप आहे, चुली विझायची वेळ आहे. कमी आहे ते फक्त पिस्तूल. लेझीम, भजनी मंडळं, शाहिरांचे फड, गल्लीच्या तोंडाशी उघडलेली वाचनालयं, कामगारांची नाटकं: बेलबॉटमचा काळ हाही होता. भाईंच्या चित्रपटांनी इतिहास खोटा केला हे एक झालं. त्याहून मोठं नुकसान म्हणजे त्यांनी खऱ्या आठवणींची जागा बळकावली. पुतण्याच्या डोक्यातल्या सत्तरच्या दशकात पांढऱ्या कपड्यांतला स्मगलर आहे, पन्नास ताटं वाढणारी बाई नाही.

म्हणून आमच्या मराठी निर्माता-दिग्दर्शकांकडे एक मागणं आहे. नवा 'भाई' पडद्यावर आणायला घ्याल तेव्हा त्याच्या पहिल्या बळीचं घर एकदा दाखवा. भाषण नको, रडारड नको, नुसतं घर. आणि कोणी निर्भय असेल तर त्याने गोंडघर फाट्यावरची ती एक रात्र करावी. एक नाका, दोन-चार पोलीस, अडवलेल्या गाड्या, कंदिलाच्या उजेडात चाललेली घासाघीस. आयटम गाण्याला जागा मिळणार नाही, बजेटही फार लागणार नाही. वाचकांकडे मागणं त्याहून छोटं आहे. घरातलं पोरगं टीव्हीपुढे 'काय भारी होते' म्हणालं की माझ्यासारखं पेपरामागे लपू नका.

मी त्या दिवशी लपलो होतो. पुढच्या शनिवारी त्याला घेऊन दादरला गेलो, प्लाझासमोर उभा केला आणि सांगितलं की इथे, या थिएटरच्या आवारात, शुक्रवारी दुपारी गाडी उभी करून ठेवली होती. दहा माणसं मेली. त्याने पोस्टरकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि विचारलं, "ती गाडी इथवर कोणी येऊ दिली?"